नाफ्प्लिओचे तीन किल्ले: कुठून सुरुवात करायची, काय बघायचं

ग्रीसमधल्या नाफ्प्लिओला बसमधून उतरलं की मान आपोआप वर जाते. गावाच्या डोक्यावर, समुद्रसपाटीपासून २१६ मीटर उंचीवर, पालामिदीचा किल्ला बसलेला असतो. गावातून थेट वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या खालूनही दिसतात. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाचे पाय तिथेच शिवशिवायला लागतात. पण जरा दम धरा. पालामिदी हा इथला सगळ्यात शेवटी बांधलेला किल्ला आहे आणि तो का बांधला हे खालचे दोन किल्ले पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. बहुतेक प्रवासी सकाळी पालामिदी चढतात, फोटो काढतात, दुपारी अथेन्सची बस धरतात. त्यांना एक मोठा किल्ला दिसतो, पण गावाची गोष्ट तशीच राहून जाते.

गोष्ट तशी सोपी आहे. समुद्रात घुसलेलं एक खडकाळ टेकाड, त्याच्यावर पहिला किल्ला, तो अक्रोनाफ्प्लिया. त्याच्या उत्तर उतारावर आणि पायथ्याशी जुनं गाव. गावासमोर खाडीतल्या बेटावर दुसरा किल्ला, बुर्त्झी. आणि या सगळ्यावर मागून नजर ठेवणारा उंच डोंगर, पालामिदी. तोफा आल्यानंतर हा मागचा डोंगर ज्याच्या ताब्यात त्याचंच गाव, असा मामला झाला. एवढं डोक्यात ठेवून फिरायला लागलात तर प्रत्येक भिंत कुणाच्या भीतीने बांधली ते उमगत जातं.

पोचायचं कसं, राहायचं किती

नाफ्प्लिओ पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या पूर्व बाजूला, आर्गोलिसच्या आखातावर आहे. अथेन्सपासून अंतर सुमारे १४० किलोमीटर. रेल्वेच्या नादी लागू नका. अथेन्समधल्या किफिसोस बसस्थानकावरून आर्गोलिसच्या बस सुटतात आणि दोन ते अडीच तासांत पोचवतात. विमानतळावरून किफिसोसला जायला एक्स ९३ क्रमांकाची शहर बस आहे. वाटेत बस कोरिंथची संयोगभूमी, म्हणजे दोन समुद्रांमधली जमिनीची चिंचोळी पट्टी, ओलांडते. १८९३ मध्ये खुला झालेला कालवा खिडकीतून क्षणभर दिसतो, तेव्हा डुलकी लागू देऊ नका.

दोन रात्री राहा. एका दिवसात उरकता येतं, पण मग गुडघे आणि ऊन दोन्ही अंगावर येतात. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज पस्तिशी ओलांडतो आणि किल्ल्यावर सावली जवळपास नाहीच. अथेन्सच्या लोकांचं हे आवडतं शनिवार-रविवारचं गाव आहे, त्यामुळे सोमवार ते गुरुवार खोल्या स्वस्त मिळतात आणि गल्ल्यांतून मोकळेपणी चालता येतं. ग्रीक ईस्टरच्या आठवड्यात मात्र आधी आरक्षण केल्याशिवाय निघूच नका. व्हिसा शेंगेनचा.

खोली घेताना एक विचारून घ्या: किती पायऱ्या? जुन्या गावातली सुंदर दिसणारी घरं बऱ्याचदा उतारावर असतात आणि चाकांची बॅग तिथे काही कामाची नसते. आई-वडील सोबत असतील तर बंदराजवळच्या सपाट भागातच खोली घ्या.

पहिली दुपार: दरवाज्यातून आत

सामान टाका आणि साधारण चार वाजता जमिनीकडच्या दरवाज्यापाशी या. हा १७०८ मधला व्हेनिशियन दरवाजा, म्हणजे इटलीतल्या व्हेनिस या सागरी सत्तेने बांधलेला. आज दिसतो तो पुन्हा उभारलेला आहे, पण जागा तीच. गावाला तटबंदी होती तेव्हा जमिनीवरून आत शिरायची ही एकच वाट होती आणि रात्री ती बंद व्हायची. उशीर झाला तर रात्र बाहेर. हिरकणीची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

इथून दहा मिनिटांत सिन्ताग्मा चौक, म्हणजे संविधान चौक. संगमरवरी फरशीचा, गाड्यांना मज्जाव असलेला, संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात असा. चौकाच्या कडेला दोन जुन्या मशिदी आहेत. एकीत पुढे चित्रपटगृह झालं. दुसरी चौकापासून जरा मागे, वुलेफ्तिको नावाची. वुलेफ्तिको म्हणजे संसदेची जागा. तुर्कांविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना १८२५ पासून ग्रीकांची संसद या मशिदीत भरत होती. नाफ्प्लिओ ही आधुनिक ग्रीसची पहिली राजधानी होती आणि १८३४ मध्ये राजधानी अथेन्सला हलली, हे इथले लोक आजही जरा मान ताठ करून सांगतात.

याच इमारतीत १८३४ मध्ये थिओदोरोस कोलोकोत्रोनिस या सेनानीवर देशद्रोहाचा खटला चालला. ज्याने तुर्कांशी लढून देश सोडवला त्याच्यावरच. ग्रीसचा राजा ऑटो हा जर्मनीतल्या बव्हेरियाचा राजपुत्र, तेव्हा वयाने अज्ञान, आणि कारभार बव्हेरियन राजप्रतिनिधींच्या हाती. पाच न्यायाधीशांपैकी पोलिझोइदिस आणि तेर्त्सेतिस या दोघांनी फाशीच्या निकालावर सही करायला नकार दिला. शिपायांनी त्यांना ओढत आणून आसनावर बसवलं, तरी सही केली नाही. पुढे शिक्षा कमी झाली आणि ऑटो सज्ञान झाल्यावर १८३५ मध्ये कोलोकोत्रोनिस सुटला. त्याचा घोड्यावरचा पुतळा गावातल्या बागेत आहे. उद्या पालामिदीवर त्याची कोठडी दाखवतील तेव्हा हे नाव लक्षात असू द्या.

चौकातून वर चढणाऱ्या गल्ल्यांत आयिओस स्पिरिदोनास हे १७०२ मधलं छोटं चर्च शोधा. सहज चुकेल इतकं लहान आहे. ९ ऑक्टोबर १८३१ रोजी सकाळी ग्रीसचा पहिला प्रमुख शासक इओआनिस कापोदिस्त्रियास प्रार्थनेला आला आणि दारातच त्याचा खून झाला. मारणारे कोन्स्तान्तिनोस आणि योर्गोस मावरोमिखालिस, एक काका आणि एक पुतण्या. त्यांच्या घराण्याचा प्रमुख कापोदिस्त्रियासने कैदेत टाकला होता आणि तो कैदी होता समोरच्याच अक्रोनाफ्प्लियात. दाराशेजारी भिंतीत गोळीची खूण काचेआड जपून ठेवली आहे. तिकीट नाही, रांग नाही, गल्लीत कुणाचे तरी कपडे वाळत असतात.

अक्रोनाफ्प्लिया: सूर्यास्ताची वेळ इथे द्या

याच गल्ल्यांमधून आणखी वर चढलं की प्सारोमाखालास लागतो. प्सारो म्हणजे मासे आणि माखालास म्हणजे आपला मोहल्लाच. तुर्कीतून तिकडे गेला, फारसीतून आपल्याकडे आला, मूळ अरबी. हा कोळ्यांचा मोहल्ला, बैठी रंगीत घरं, दारात तुळशीसारख्या वासाच्या रोपाच्या कुंड्या. ते रोप तुळशीचंच भावंडं, तिकडे त्याला वासिलिकोस म्हणतात.

अक्रोनाफ्प्लियाला तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही, आणि म्हणूनच बहुधा कुणी फारसं येत नाही. भटक्याला मात्र तिन्हीत जास्त खाऊ इथेच आहे. तटाच्या पायथ्याकडे नीट बघा. खालचे मोठे, बहुकोनी, चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले दगड इसवी सनापूर्वीच्या ग्रीक तटाचे आहेत. त्यांच्यावर बायझंटाइन काळातलं बांधकाम, त्यावर फ्रँक म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या सरदारांचं, त्यावर व्हेनिसचं. एका भिंतीत चार राजवटी. पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेलात तर तीन भाग लागतात: ग्रीकांचा किल्ला, फ्रँकांचा किल्ला, आणि पूर्व टोकाचा कास्तेल्लो देल तोरो. व्हेनिसने १३८८ मध्ये हे गाव विकत घेतलं. सरळ खरेदी. नंतर १४७० मध्ये तुर्कांनी एव्हिया बेटावरचं व्हेनिसचं ठाणं जिंकलं, तेव्हा धाबं दणाणलं आणि १४७० च्या दशकात हा तिसरा भाग बांधला गेला. गोलसर, जाड भिंतीचे बुरूज दिसतील, तोफांचा विचार सुरू झाल्याची ही खूण.

तट कोसळलेला, गवत माजलेलं, मध्येच विसाव्या शतकात बांधलेलं हॉटेल. ते हॉटेल बघून माझं तरी डोकं फिरतं. इथल्या तुरुंगात १९३७ पासून राजकीय कैदी डांबले होते. त्या तुरुंगाच्या इमारती पाडून वर पर्यटकांसाठी हॉटेल आलं, म्हणजे एक आठवण पुसली आणि दुसरीची शान घालवली. असो.

इथे पाठ समुद्राकडे करा आणि पूर्वेला पालामिदीकडे बघा. डोंगर किती जवळ आणि किती वर आहे? १६८६ मध्ये व्हेनिसची फौज मोरोसिनी या सेनापतीच्या हाताखाली परत आली, तेव्हा तिने आधी तो उघडा डोंगर घेतला आणि वरून तुर्कांच्या ताब्यातल्या गावावर तोफा डागल्या. गाव पडलं. जिंकणाऱ्यांनाच धडा मिळाला की आपण जे केलं ते उद्या कुणीही करेल. पालामिदीच्या किल्ल्याचं सगळं कारण तुम्ही उभे आहात त्या जागेवरून एका नजरेत दिसतं. म्हणूनच म्हटलं, आधी इथे या.

पायात बूट हवेत. कठडे नाहीत, कड्यावर माती भुसभुशीत आहे, लहान मुलांचा हात सोडू नका. अंधार पडायच्या आत उतरा.

बुर्त्झी: रात्री धक्क्यावरून, दिवसा होडीने

उतरून बंदरावर आलात की समोर पाण्यात दिवे लावलेला बुर्त्झी. हा शब्द तुर्की बुर्चवरून आला, तो अरबी बुर्जवरून, आणि आपला बुरूजही त्याच घरातला. पहिल्यांदा बघताना मुरुड-जंजिरा आठवतोच, पण आकाराची तुलना करू नका, हा अगदी चिमुकला आहे. आंतोनियो गाम्बेल्लो या स्थपतीने १४७१ च्या सुमारास व्हेनिससाठी तो बांधायला घेतला. काम एकच, बंदराचं तोंड सांभाळायचं. बेटापासून किनाऱ्यापर्यंत जाडजूड लोखंडी साखळी ताणलेली असायची. साखळी वर ओढली की जहाज आत येऊ शकत नाही. त्यामुळे बंदराचं जुनं नावच साखळीचं बंदर पडलं.

एकोणिसाव्या शतकात किल्ला लष्करी कामाचा उरला नाही तेव्हा तिथे पालामिदीवरच्या तुरुंगातले फाशी देणारे राहायला लागले. गावात त्यांना कुणी ठेवून घेईना, म्हणून बेटावर. नंतर विसाव्या शतकात काही दशकं तिथे हॉटेलही होतं. फाशीवाल्यांच्या खोल्यांत मधुचंद्राची जोडपी.

धक्क्यावरून छोट्या होड्या सुटतात, पाच-दहा मिनिटांचा प्रवास. बसण्याआधी विचारा: बेटावर उतरवणार की नुसता फेरा मारणार? दोन्हींचे दर वेगळे असतात आणि वारा असेल तर उतरणं रद्द होतं. धक्क्याच्या पश्चिम टोकाला पाच भाऊ नावाचा बुरूज आहे. तिथे पाच व्हेनिशियन तोफा आहेत, त्यांच्यावर संत मार्कचा पंखवाला सिंह शोधा. हाच सिंह उद्या दरवाज्यांवर ठिकठिकाणी भेटणार आहे.

दुसरी सकाळ: पालामिदी

आठ वाजता दरवाजा उघडतो असं गृहीत धरून साडेसातला पायऱ्या चढायला लागा. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, हिवाळ्यात दुपारीच कुलूप लागतं, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलात विचारून ठेवा. तिकिटाचे दरही त्याच वेळी बघा. पायऱ्या डोंगराच्या पश्चिम अंगाला आहेत, त्यामुळे सकाळी सावली आणि दुपारनंतर भट्टी. एवढ्या एकाच कारणासाठी सकाळ सोडू नका.

पायऱ्या किती? गावात कुणालाही विचारा, ९९९. हजारावी कोलोकोत्रोनिसच्या घोड्याने टापेखाली मोडली म्हणे. प्रत्यक्ष मोजणाऱ्यांचे आकडे साडेआठशे-नऊशेच्या आसपास येतात आणि एकाचा दुसऱ्याशी जुळत नाही. रायगड पायऱ्यांनी चढलेल्याला हे जड नाही. मात्र दगड झिजून गुळगुळीत झाले आहेत, पावसाने किंवा धुळीने घसरतात. अर्धा तास धरा. माणशी एक लिटर पाणी खालूनच घ्या.

गुडघे कुरकुरत असतील तर लाज बाळगू नका. डोंगराच्या मागून गाडीरस्ता थेट पूर्वेकडच्या दरवाज्यापर्यंत जातो, टॅक्सी दहा मिनिटांत नेते. वर टॅक्सीने आणि खाली पायऱ्यांनी, असं बरेच जण करतात. पण गुडघेदुखी असलेल्याला उतारच जास्त छळतो, तेव्हा त्यांनी दोन्ही वेळा गाडीच घ्यावी.

आता किल्ला. १७११ ते १७१४, फक्त तीन वर्षांत व्हेनिसने हा उभा केला. प्रशासक आगोस्तिनो साग्रेदो. वसईचा किल्ला पाहिला असेल तर बाणाच्या टोकासारखे बुरूज ओळखीचे वाटतील. पोर्तुगीजांनी तिथे वापरलेली तीच इटालियन पद्धत. एका बुरुजाच्या तोफेने शेजारच्या बुरुजाचा पाय झाकायचा, शत्रूला आडोसाच ठेवायचा नाही. पालामिदीत आणखी एक डोकं लढवलं आहे. इथले आठ बुरूज म्हणजे आठ स्वतंत्र छोटे किल्ले आहेत. एक पडला तरी बाकीचे लढत राहतील, आणि पडलेल्यावर वरून मारा करता येईल. म्हणून आत हिंडताना तट, पुन्हा दरवाजा, पुन्हा तट असं होतं आणि दिशा चुकते. चुकू द्या.

इतकं करून झालं काय? १७१५ मध्ये तुर्क आले आणि काही दिवसांत किल्ला घेतला. तट कोरा करकरीत, शिबंदी अपुरी. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या किल्लेदाराने हे आधीच सांगितलं असतं.

बुरुजांना आज ग्रीक वीरांची नावं आहेत: मिल्तियादिस, लेओनिदास, थेमिस्तोक्लिस, फोकिओन, एपामिनोन्दास, अखिल्लेस. एक रोबेर, ग्रीकांच्या बाजूने लढताना मेलेल्या फ्रेंच माणसाच्या नावाचा. आणि एक संत आंद्रेआसचा, तो आधी बघा. छोटं चर्च, पाण्याची टाकी आणि गावावरचं सगळ्यात उत्तम दृश्य इथे आहे. नावामागची गोष्ट अशी. १८२२ मध्ये ग्रीकांनी वेढा घातला होता, किल्ल्यात उपासमार चालू होती. २९ नोव्हेंबरच्या रात्री स्ताइकोस स्ताइकोपुलोसची माणसं कमकुवत अशा अखिल्लेस बुरुजापाशी शिडी लावून चढली. पहिला आत उतरला तो मोस्खोनिसिओतिस. उजाडेपर्यंत किल्ला हातात आला, आणि ३० तारीख संत आंद्रेआसच्या सणाची. मराठी माणसाला इथे घोरपड आणि कोंढाणा आठवल्याशिवाय राहत नाही, फक्त इथला सरदार लढाईनंतर जिवंत राहिला. आंद्रेआस बघून झाला की अखिल्लेस बुरुजापर्यंत चालत जा आणि बाहेरून तटाची उंची बघा. शिडी इथेच का लावली ते लगेच कळेल.

कोलोकोत्रोनिसची म्हणून दाखवतात ती कोठडी बघायला वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं. मोबाइलचा टॉर्च हाताशी ठेवा. बंद जागेत घाबरणाऱ्यांनी बाहेरच थांबावं. मिल्तियादिस बुरुजात पुढे जन्मठेपेच्या आणि फाशीच्या कैद्यांचा तुरुंग होता. बुर्त्झीवरचे ते शेजारी इथे कामाला यायचे. शेवटी थेमिस्तोक्लिस, सगळ्यात उंच. पूर्ण किल्ल्याला अडीच तास द्या. साडेअकराच्या आत उतरायला लागा.

दुपार आणि पोट

उतरलात की थेट सिन्ताग्मा चौकातलं पुरातत्त्व संग्रहालय. इमारत व्हेनिसच्या आरमाराचं कोठार होती, १७१३ ची. आत देंद्रा गावात १९६० मध्ये सापडलेलं कांस्याचं चिलखत आहे, इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकाच्या अखेरचं, सोबत रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण. बाकी काही बघायला वेळ नसला तरी हे बघाच. संग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद असतं, तो कोणता ते आधी बघा.

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा: निस्तिसिमो. म्हणजे त्यांचं उपवासाचं, ज्यात मांस, दूध, अंडं नसतं. शिंपल्या-कोळंबी मात्र त्यांच्या उपवासाला चालते, तेव्हा तेवढं स्पष्ट विचारा. गिगान्तेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया, ब्रिआम म्हणजे भाजलेल्या भाज्या, आणि येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो-मिरच्या. येमिस्तात कधी खिमा असतो.

ऊन उतरल्यावर अक्रोनाफ्प्लियाच्या पायथ्याने समुद्राकाठची आर्वानितिया वाट चाला. एक किलोमीटरच्या आसपास, सपाट. दगड कोसळल्यावर कधीकधी बंद करतात. फलक असेल तर उडी मारून जाऊ नका.

तिसरी सकाळ, बस सुटायच्या आधी

प्रोनिया भागात, जुन्या गावापासून पंधरा-वीस मिनिटांवर, कड्यात कोरलेला झोपलेला सिंह आहे. ऑटोबरोबर आलेले बव्हेरियन सैनिक १८३३-३४ मध्ये साथीने मेले, त्यांच्यासाठी त्याच्या वडिलांनी जर्मन शिल्पकार झीगेलकडून हा करवून घेतला. व्हेनिसचा सिंह पंख पसरून पुस्तकावर पंजा ठेवतो, हा नुसता मान टाकून पडलेला. दोन दिवस ते पंखवाले सिंह बघून इथे आलात की हा जास्त लागतो.

तरीही दोन-तीन तास हातात असतील तर आर्गोसकडे जाणाऱ्या बसने चार किलोमीटरवर तिरिन्सला उतरा. मायसिनी इथून पंचवीसेक किलोमीटरवर आहे आणि सगळे तिकडेच धावतात, पण त्याला अर्धा दिवस लागतो. तिरिन्सचे तट सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे, काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत जाड, आणि गर्दी नाही. चालकाला चढतानाच तिरिन्स म्हणून सांगा, कारण थांबा रस्त्याच्या कडेला आहे आणि न सांगितल्यास बस सरळ आर्गोसला जाते.